गेम घ्यायचा, पण कुठून?

हार्बरफ्रंटला राहणाऱ्या आम्हा पालकांकडे सुट्टी लागली की एकच मागणी येते, "बाबा, गेम घेऊन द्या ना!" आमच्या वेळी सीडी आणली की ती आपली. भावाला दिली, पुण्याला जाताना भाच्याला नेली, कोणी विचारत नसे. आता विवोसिटीपर्यंतही जावं लागत नाही, कार्डाचा नंबर टाकला की काम झालं! पण मंडळी, त्या पैशात आपल्याला मिळतं काय?

उदाहरण घरचंच घेऊ. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा खेळ. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभारायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडलं नाही. २०२० मध्ये खेळ आधी निन्टेन्डो स्विचवर आणि मग कॉम्प्युटरवर आला. तो स्टीमवर मिळतो, तसाच जीओजीवरही.

स्टीम म्हणजे २००३ पासूनचा मोठा बाजार. सगळे मित्र तिथेच, सेलही जोरदार. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत. २०२४ पासून एका घरातले ६ जण आपले गेम वाटून घेऊ शकतात. (एक प्रत एका वेळी एकालाच, त्यामुळे भावंडांची भांडणं आहेतच!) पण इथे आपण घेतो तो फक्त खेळण्याचा परवाना. खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणजे भाच्याचं काम अवघडच. शिवाय विक्रीतले साधारण ३० टक्के स्टीमकडे राहतात.

जीओजी २००८ मध्ये आलं. कागदोपत्री परवाना तिथेही आहे, पण गेमला कुलूप नाही. इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवला की उद्या दुकान बंद झालं तरी खेळता येतं. निवड मात्र कमी. बरेच नवे, गाजलेले गेम तिथे येतच नाहीत.

२०१८ मध्ये आलेलं एपिक १२ टक्क्यांवर उतरलं आणि वर फुकट गेम वाटू लागलं. फुकट आहे म्हणून मुलं घेत सुटतात, खेळतात किती ते विचारू नका.

इच डॉट आयओवर दुकानाचा वाटा किती, हे गेम करणाराच ठरवतो. २०२० मध्ये तिथल्या एका संचातून वांशिक न्यायाच्या कामासाठी ८० लाख डॉलरांहून अधिक निधी जमला, बरं का!

आमचं मत विचाराल तर मित्रांबरोबर खेळायचे गेम स्टीमवर घ्यावेत. 'राजी'सारखा जपून ठेवायचा गेम जीओजीवर घ्यावा आणि इन्स्टॉलर त्याच दिवशी उतरवून घ्यावा. आणि घरातलं कोणी स्वतःच गेम बनवत असेल, तर पहिला गेम इचवर टाकू द्या.