सायकल-शक्तिमापन
सायकल-शक्तिमापन : सायकलस्वार पेडलवर दर सेकंदाला जे कार्य करतो, ते वॉट या एककात मोजण्याच्या क्रियेस सायकल-शक्तिमापन म्हणतात. वेग वारा, चढ व रस्ता यांनुसार बदलतो. म्हणून श्रमाचे माप या नात्याने तो फसवा ठरतो. स्वार व सायकल मिळून ८० किग्रॅ. वजन असता सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ३० किमी. वेग राखण्यास सु. १५५ वॉ. लागतात व त्यांपैकी सु. १२० वॉ. केवळ हवेच्या रोधावर खर्च होतात. समोरून सेकंदास अवघा २ मी. वारा वाहू लागला, तर त्याच वेगासाठी सु. २२० वॉ. लागतात. नाडीचे ठोके मोजणे स्वस्त व उपयुक्त आहे. परंतु श्रम वाढल्यावर ठोके स्थिरावण्यास अवधी लागतो आणि उष्म्यात तेवढ्याच श्रमाला ते अधिक पडतात.

प्रयोगशाळेत यासाठी घर्षण-पट्ट्याची स्थिर सायकल वापरीत. व्हिल्हेल्म फोन डबेलन यांनी १९५४ मध्ये वर्णिलेली स्वीडिश रचना प्रसिद्ध आहे. तीत प्रचक्राभोवतीच्या पट्ट्याचा ताण आणि पेडलच्या फेऱ्या यांवरून शक्ती काढतात. रस्त्यावर चालणारे शक्तिमापक जर्मन अभियंते उलरिख शोबेरर यांनी १९८० नंतरच्या दशकात तयार केले. पुढच्या दंतचक्राच्या आधारास चिकटविलेले विकृतिमापक धातूचे सूक्ष्म वाकणे मोजतात. त्यावरून पीडन परिबल मिळते व त्यास कोनीय वेगाने गुणिले असता शक्ती येते. हे उपकरण दीर्घकाळ व्यावसायिक स्पर्धकांपुरतेच राहिले, कारण त्याची किंमत चांगल्या सायकलीएवढी असे.

अल्प खर्चाचा, आणि योग्य रीतीने केल्यास आश्चर्य वाटावे इतका विश्वसनीय, मार्ग म्हणजे घाटाचा चढ. चढावर वेग कमी असल्याने हवेचा रोध गौण ठरतो आणि बहुतेक शक्ती वजन उचलण्यात जाते. एकूण ८० किग्रॅ. वजनाने ५ किमी. अंतरात ३०० मी. उंची २० मिनिटांत चढली, तर ८० × ९·८१ × ३०० म्हणजे सु. २,३५,४०० जूल कार्य झाले. त्यास १,२०० सेकंदांनी भागिले असता १९६ वॉ. येतात. यात टायरच्या लोटन घर्षणाचे सु. १६ व हवेचे सु. १५ वॉ. मिळवून साखळीतील दोन-तीन टक्के तूट धरली, तर पेडलवरील शक्ती सु. २३५ वॉ. ठरते. वजनात पाण्याची बाटली, बूट व कपडेही धरावे लागतात. नवशिके नेमके हेच विसरतात. चढ लांब हवा. उंचीतील १० मी. ची चूक येथे सहा-सात वॉटांचाच फरक पाडते, ५० मी. च्या टेकडीवर तीच चूक एक-पंचमांश होते. म्हणून उंची भ्रमणध्वनीवरून न घेता स्थलवर्णनात्मक नकाशावरून घेणे बरे. वारा असलेला दिवस टाळावा.

घरातील रोलर-यंत्रावर चाकाच्या वेगावरून शक्तीचा अंदाज करता येतो, कारण चुंबकीय किंवा द्रवीय रोध व वेग यांचा संबंध ठराविक असतो. मात्र टायरमधील हवा, रोलरचा दाब व द्रवाचे तापमान यांनुसार तो ढळतो. त्यामुळे हवेचा दाब व रोलरचा स्क्रू दर वेळी सारखाच ठेवून दहा मिनिटे यंत्र तापू द्यावे लागते.

२०१२ च्या सुमारास केवळ डाव्या क्रँकवर बसणारे शक्तिमापक बाजारात आले व किंमत बरीच उतरली. ते डाव्या पायाची शक्ती मोजून दुप्पट करतात. डावा पाय ५२ टक्के भार वाहत असेल, तर २०० वॉटांऐवजी २०८ दिसतील. ही चूक नेहमी तेवढीच राहिली, तर सरावास फारशी बाधा येत नाही. पण थकव्याने हे प्रमाण बदलते, आणि पायाच्या दुखापतीतून उठलेल्यास तर हे यंत्र बरेच चकवते.

सरावाची तीव्रता बहुधा वीस मिनिटांच्या कमाल सरासरी शक्तीच्या ९५ टक्क्यांवरून ठरवितात. ती चाचणी दहा टक्के जास्त दाखविणाऱ्या रोलरवर दिली आणि नंतर रस्त्यावर अचूक मापकाने तोच आकडा गाठू पाहिला, तर स्वार प्रत्येक दिवशी कुवतीबाहेर राबतो व काही आठवड्यांत खचतो. म्हणून चाचणी आणि सराव एकाच साधनावर करावा. क्रँकवरील मापक ताडून पाहण्यास खर्च नाही : मागचा ब्रेक दाबून १७० मिमी. लांबीची क्रँक आडवी धरावी व पेडलला २० किग्रॅ. वजन टांगावे, मापकाने ३३·४ न्यूटन-मीटर दाखविले पाहिजेत.