झाडवाल्या घराचा कडुलिंब

ईदच्या आदल्या रात्री बलदमध्ये पाय ठेवायला जागा नसते. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांनी बांधलेलं हे जुनं जेद्दा २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. रमजानभर इथे रात्री जत्राच! उकडलेल्या छोल्यांची बलीला, थंडगार सोबिया, पोरांचा गलका आणि वर लाकडी जाळीच्या खिडक्या. त्यांना इथे रोशन म्हणतात. चेरीचा बहर बघायला लोक जपानला जातात, कावाझूला तर फेब्रुवारीतच. आम्ही मात्र निघालो होतो एक कडुलिंब बघायला.

२०२५ मध्ये पाडवा आणि इथली ईद एकाच दिवशी आली, ३० मार्चला. आई व्हिजिट व्हिसावर आली होती. बाबा गेल्यामुळे आदल्या पाडव्याला आमच्याकडे गुडी नव्हती. यंदा उभारायचीच, आणि कडुलिंबाशिवाय नाही, असं तिने बजावलं होतं.

अलावी बाजारातलं नसीफ हाऊस १८८१ मध्ये पूर्ण झालं. १९२५ मध्ये जेद्दा ताब्यात आल्यावर राजे अब्दुलअझीझ इथेच उतरले होते. पण जुन्या लोकांसाठी ते ‘झाडवालं घर’. गोड्या पाण्याची टंचाई एवढी, की कितीतरी वर्षं गावात म्हणे हे एकच झाड होतं. ते हिंदुस्थानातून आलं असंही सांगतात. हजयात्रेकरूंची आणि व्यापाऱ्यांची गलबतं तिकडूनच यायची, तेव्हा पटतं. आता तर मक्केजवळ अराफातच्या मैदानावर यात्रेकरूंना सावली म्हणून हजारो कडुलिंब लावलेत.

“अगं, मोहोर आलाय की!” आई मान वर करून बघतच राहिली. दिव्यांच्या उजेडात बारीक पांढरे झुबके दिसत होते. अशा झाडाला हात कसा लावणार? शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या चाचांना मी मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग स्वतःच वाकून, खाली पडलेली एक डहाळी उचलून आईच्या हातात दिली.

“दवा?” त्यांनी विचारलं.

“ईद,” आई म्हणाली. चाचा खळखळून हसले.

सकाळी मशिदीतून तकबीर ऐकू येत होती. आमची गुडी हॉलच्या खिडकीपाशी, आतल्या बाजूला. आईने कडुलिंब, चण्याची डाळ, ओवा, गूळ एकत्र वाटला आणि बाबांच्या फोटोपुढे वेगळी वाटी ठेवली. त्यात गूळ जरा जास्त. कडू त्यांना अजिबात चालायचं नाही.