पुस्तक नाकारण्याचा अधिकार कुणाचा?

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची नातवंडे आज अमेरिकेतील सरकारी शाळांत शिकत आहेत. तेथील शाळांत मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत, यावरून गेली काही वर्षे तीव्र वाद चालू आहे. म्हणून हा विषय आपणही समजून घेणे अगत्याचे आहे.

तेथील शाळांचा कारभार बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडलेली स्थानिक शिक्षण मंडळे पाहतात. न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज येथील मंडळाने १९७६ मध्ये शालेय ग्रंथालयातून नऊ पुस्तके काढली. मंडळानेच नेमलेल्या पालक-शिक्षक समितीने त्यांपैकी काही ठेवावीत असे सुचविले होते; ते मानले गेले नाही. तेव्हा स्टीव्हन पिको व अन्य विद्यार्थी न्यायालयात गेले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बहुमताचे एकच निकालपत्र होऊ शकले नाही. तथापि न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मांडलेली कसोटी आजही उद्धृत केली जाते. शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य पुस्तक मंडळास काढता येईल. मात्र केवळ त्यातील विचार पसंत नाहीत, म्हणून ते ग्रंथालयातून काढता येणार नाही.

वाद तेथेच संपला नाही. जानेवारी २०२२ मध्ये टेनेसी राज्यातील मॅकमिन परगण्याच्या मंडळाने आर्ट स्पिगेलमन यांचे ‘माउस’ हे चित्ररूप पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून दहा विरुद्ध शून्य मतांनी वगळले. ज्यूंच्या संहाराची कथा सांगणाऱ्या या पुस्तकास पुलित्झर सन्मान लाभलेला आहे. आक्षेप होता तो काही अपशब्दांवर व एका नग्न चित्रावर. फ्लोरिडात तर लैंगिक वर्णनाचा आक्षेप नोंदविला गेला, की पाच शालेय दिवसांत पुस्तक बाजूला ठेवावे, अशी तरतूद २०२३ च्या कायद्याने केली. निर्णय नंतर व्हायचा.

पालकांची काळजी अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. सहा वर्षांच्या व सोळा वर्षांच्या मुलाचे पुस्तक एक असू शकत नाही. परंतु ‘माझ्या मुलाने हे वाचू नये’ आणि ‘कोणाच्याच मुलाने हे वाचू नये’ या दोन मागण्यांत मोठे अंतर आहे. मेरीलँडमधील माँटगोमेरी परगण्यात समलिंगी व्यक्तिरेखा असलेली गोष्टींची पुस्तके वर्गात वाचली जात. त्या तासाला मुलास बाहेर ठेवण्याची सवलत मंडळाने काढून घेतली, तेव्हा मुस्लिम व ख्रिस्ती पालक न्यायालयात गेले. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी, खटला चालू असेपर्यंत त्यांना पूर्वसूचना व सवलत मिळावी असा कौल दिला. ही पहिली मागणी होय. तिलाही किंमत आहे. कटकट नको म्हणून शाळा पुस्तकच वगळतील, अशी भीती असहमत न्यायमूर्तींनी व्यक्त केली.

बँकेत असताना कर्जाचा प्रस्ताव नामंजूर करण्यापूर्वी संपूर्ण प्रकरण वाचावे लागे व कारण लेखी नोंदवावे लागे. अर्जदार आवडला नाही, हे कारण चालत नसे. पुस्तकाच्या बाबतीत तरी याहून कमी दक्षता का असावी?

यात आपलाही प्रश्न गुंतलेला आहे. परदेशात आपण संख्येने अत्यल्प आहोत. बहुसंख्यांच्या नापसंतीवर पुस्तके काढण्याची प्रथा रुजली, तर उद्या आपल्या आचारविचारांची ओळख करून देणारे एखादे पुस्तकही त्याच न्यायाने जाईल. तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहणारी मते आपल्याजवळ नसतील.

म्हणून तेथील आपल्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना इतकेच सुचवावे: पुस्तकाविषयी शंका आली, तर शिक्षकांकडून ते मागून घ्या, अथपासून इतिपर्यंत वाचा, मुलाशी बोला. त्यानंतरही आक्षेप उरला, तर आपल्या मुलापुरता तो कारणांसह लेखी नोंदवा. दुसऱ्याच्या मुलाचा निर्णय त्याच्या आई-वडिलांवर सोपवावा.