घडी घालता येणारी वीज

बसा रे पोरांनो, ऐसपैस बसा. धाकटी मघाशी विचारत होती, "आजोबा, छपरावरची ती निळी पॅनेलं एवढी जड का हो असतात?" प्रश्न नेमका आहे. एक पॅनेल साधारण २० ते २५ किलोंचं. आत सिलिकॉनच्या चकत्या, त्या तडकू नयेत म्हणून वर काच आणि भोवती ॲल्युमिनियमची चौकट. पक्क्या स्लॅबला हा भार काहीच नाही, पण जुन्या पत्र्याच्या छपराला तो झेपेलच असं नाही. ऊन मात्र आपल्या जबलपूरच्या खमरियात मुबलक. कर्कवृत्त जबलपूरच्या थोडंसंच उत्तरेला, म्हणून जूनमध्ये भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. मग हलकं, गुंडाळता येणारं पॅनेल करता येईल का? येईल. पण ही विद्या माणसाच्या कितीतरी आधी कुणाला साधली, ते पाहू.

हे सागाचं पान घ्या. उजेडासमोर धरा, शिरांची जाळी दिसेल. वाऱ्यानं हे वाकतं, पण तडकत नाही. यात सिलिकॉन नाही की काच नाही. सगळा कारभार कार्बनच्या रेणूंचा. आतल्या हरितद्रव्यावर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन उसळतो आणि तत्क्षणी शेजारच्या रेणूच्या हवाली होतो. तो मागे फिरायच्या आत त्याला पुढं धाडायचं, ही पानाची हातोटी. त्याच ऊर्जेवर झाड साखर करतं.

माणसानं आधी वेगळी वाट धरली. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा सौरघट झाला. पडलेल्या उन्हातली ६ टक्के ऊर्जा तो विजेत बदलायचा. चारच वर्षांनी, मार्च १९५८ मध्ये, जेमतेम दीड किलोचा 'व्हॅनगार्ड-१' उपग्रह हे घट घेऊन वर गेला. त्याचा बॅटरीवरचा ट्रान्समीटर काही महिन्यांत गप्प झाला. सौरघटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. १९७५ साली आपला आर्यभट्ट गेला, तोही अंगभर सौरघट लेऊन. अवकाशात वीज हवीच, पण रॉकेटवर चढवायच्या प्रत्येक ग्रॅमला मोल पडतं. म्हणून हलक्या घटाचा शोध सुरू राहिला.

इथं गोष्टीत प्लॅस्टिक येतं. प्लॅस्टिक म्हणजे विजेला अडवणारं. विजेच्या तारेवर आपण तेच चढवतो. पण १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या संशोधकाकडून उत्प्रेरक हजारपट जास्त पडला आणि भांड्यात चंदेरी झळाळीचा प्लॅस्टिकचा पापुद्रा तयार झाला. शिराकावांनी तो टाकून दिला नाही. पुढं ॲलन मॅकडायरमिड आणि ॲलन हीगर यांच्यासह त्यांनी त्याला आयोडीनची वाफ दिली, तेव्हा त्याची वीज वाहून नेण्याची ताकद सुमारे कोटीपट वाढली! १९७७ साली हे जगाला कळलं, आणि २००० साली तिघांना नोबेल मिळालं.

आता अशा प्लॅस्टिकवर, म्हणजे पॉलिमरवर, ऊन पाडलं तर? इलेक्ट्रॉन उसळतो, पण त्यानं मागं सोडलेली रिकामी जागा त्याला घट्ट धरून ठेवते. ही जोडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढीच सरकते आणि विझते. तेवढ्यात तिची ताटातूट करणारा कुणीतरी शेजारी हवा. १९९२ साली सारिचिफ्ची आणि हीगर यांच्या गटानं तो शेजारी दाखवला: साठ कार्बन अणूंचा गोल रेणू. सेकंदाचे २० लाख कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाच्या सुमारास पॉलिमरचा इलेक्ट्रॉन त्या गोल रेणूकडे जातो. पानाचीच हातोटी!

पण शेजारी सगळीकडे हवा ना? म्हणून १९९५ साली दोन्ही पदार्थ एकत्र विरघळवून त्यांचा एकच थर दिला गेला. चिवड्यात कुठूनही मूठ भरा, पोहे आणि शेंगदाणे दोन्ही हाती येतात. तसा हा थर. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढी. पदार्थ द्रावणात असल्यामुळे तो शाईसारखा लवचीक पट्टीवर छापता येतो.

२०१२ साली ऑस्ट्रिया आणि जपानच्या संशोधकांनी असा घट केला की आधाराच्या पापुद्र्यासकट त्याची जाडी दोन मायक्रोमीटरही भरली नाही. चुरगाळला तरी चालायचा. एका ग्रॅमला १० वॅट वीज! छपरावरचं पॅनेल किलोमागे २० वॅटच्या आसपास देतं. जून २०१९ मध्ये म्युनिकच्या तंत्रविद्यापीठातल्या मंडळींनी असे कार्बनी घट आणि त्यांचे चुलतभाऊ पेरोव्हस्काइट घट स्वीडनमधून रॉकेटवर वर धाडले. दोघांनीही वीज दिली. घटांची तोंडं सूर्याकडे नसतानाही पृथ्वीवरून परतलेल्या उजेडावर थोडी वीज मिळालीच.

"मग आपल्या छपरावर का नाहीत?" थोरल्याचा प्रश्न रास्त आहे. प्रयोगशाळेतले नखाएवढे नमुने आता २० टक्क्यांपर्यंत पोचलेत. मोठा पट्टा छापला की आकडा घसरतो. खरी अडचण आयुष्याची आहे. छपरावरचं सिलिकॉन २५ वर्षं टिकतं. पॉलिमरला हवेतला ऑक्सिजन आणि ओल बाधते, अतिनील किरण त्याचे बंध तोडतात. अवकाशात ओलीचा जाच नाही, पण अतिनील किरण आणखी तिखट, आणि पृथ्वीजवळच्या कक्षेत दर दीड तासाला कडक ऊन आणि कडाक्याची थंडी.

आणि पान? उन्हाचा मार त्यालाही बसतो. प्रकाश झेलणाऱ्या यंत्रणेतलं डी-वन नावाचं प्रथिन भर उन्हात तासाभराच्या आतही निकामी होतं. पान ते काढतं, नवं बसवतं, दिवसभर हेच चालू. आपण पानाकडून इलेक्ट्रॉन पळवायची युक्ती शिकलो. मोडलेलं आपलं आपण सांधायची अजून शिकायची आहे. ज्याला ती साधेल, त्याच्या हातून तंबूवर, ताडपत्रीवर, पत्र्याच्या छपरावर आणि उपग्रहावरही वीज पिकेल. म्हणून शाळेत कार्बनचा धडा आला की जांभया देऊ नका रे. प्रश्न विचारा, आणि सरांचं उत्तर पुरेना झालं की पुन्हा विचारा. हे काम अजून अर्ध्यावर आहे, तुमच्या वाट्याला भरपूर उरलंय.