घाण आमची, हात त्यांचे !

दारांतील कचऱ्याची बादली रिकामी झाली म्हणजे आपलें घर शुद्ध झालें, अशी आपली समजूत असते. परंतु ती घाण ज्या हातांनीं उचलली, ते हात पुढें कोठें धुतले जातात, याचा विचार पुण्यांतील किती गृहस्थ व व्यापारी करितात ? 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा २००८ सालीं महानगरपालिकेशीं करार झाल्यापासून तिच्या कष्टकरी स्त्रिया दारोदार कचरा गोळा करीत आल्या आहेत. तो निवडतांना कुजलेलें अन्न, फुटक्या कांचा व मुलांचे मळके लंगोट यांतून त्यांचे हात फिरतात.

हात निर्जंतुक करण्याचे मुख्य मार्ग तीन. पैकीं क्लोरीनच्या पाण्याचा इतिहास बोधप्रद आहे. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील इस्पितळांत डॉ. सेमेलवाइस यांनीं शवविच्छेदन करून येणाऱ्या वैद्यांस त्या पाण्यानें हात धुण्यास लावतांच बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें घटले. तथापि नित्य वापरानें त्वचेस भेगा पडतात, व भेगांत जंतूंस घर मिळतें. दुसरा मार्ग मद्यार्कयुक्त सॅनिटायझरचा. स्वच्छ दिसणाऱ्या हातांवरील बहुतेक जंतु तो २० ते ३० सेकंदांत मारतो. परंतु हातावर चिखलाचा वा तेलाचा थर असतां त्याची मात्रा चालत नाहीं. तिसरा मार्ग साबण व वाहतें पाणी. साबण तो थरच सोडवितो आणि पाणी त्यास जंतूंसह वाहून नेतें. मळक्या हातांस साबण-पाणीच योग्य, व त्यास ४० ते ६० सेकंद द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचाही अभिप्राय आहे. हातमोजे अवश्य द्यावे. पण ते काढल्यावरही हात धुतलेच पाहिजेत.

निकाल असा स्पष्ट आहे. परंतु हुकूमनामा हातीं असून बजावणी होत नसेल, तर वादीस लाभ काय ? जिला सकाळपासून दुपारपर्यंत नळच सांपडत नाहीं, तिला मिनिटभर हात धुण्याचा उपदेश करणें ही क्रूर थट्टा होय. २०१६ सालच्या नियमांनीं कचरा वेगळा करण्याचें बंधन घरमालकावर घातलें. हात धुण्याची सोय करण्याचें बंधन आम्हीं आपण होऊन पत्करावें. लंगोट व पाळीचे कपडे कागदांत गुंडाळून त्यावर लाल ठिपका करावा. प्रत्येक सोसायटीनें व पेठेंतील प्रत्येक दुकानदारानें एक नळ आणि एक साबणाची वडी मोकळी ठेवावी. कचरा निवडण्याच्या शेडमध्यें पाण्याची तरतूद महानगरपालिकेनें करावी. यास कोणी भूतदया म्हणूं नये. घाण आमची असल्यामुळें ती धुण्याचें पाणीही आमचेंच असलें पाहिजे, एवढाच हा साधा न्याय आहे.