आजीचं इन्सुलिन बनवतं कोण?

तामलवाडीहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आलीये: "दादा, आजीच्या इन्सुलिनच्या बाटलीवर 'आरडीएनए' लिहिलंय. म्हणजे काय?"

म्हणजे असं, की माणसाच्या इन्सुलिनचा जीन दुसऱ्याच एखाद्या पेशीत बसवायचा आणि तिच्याकडून इन्सुलिन बनवून घ्यायचं. या पेशीला म्हणतात होस्ट. पण होस्ट निवडायचा कसा? ज्वारीला चालतं ते रान द्राक्षाला चालेलच असं नाही ना, तसंच हे.

सगळ्यात स्वस्त आणि वेगवान म्हणजे ई. कोलाय हा बॅक्टेरिया. वीसेक मिनिटांत एकाचे दोन! १९८२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं रिकॉम्बिनंट इन्सुलिन यातूनच आलं. अडचण एवढीच, की त्याच्या पोटात प्रथिनाचा बऱ्याचदा गोळा होतो. तो विरघळवून प्रथिनाची घडी पुन्हा नीट बसवावी लागते.

दुसरा पर्याय यीस्ट. आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, प्रकल्प असलेल्या वोक्हार्टनं २००३ मध्ये 'वोसुलिन' आणलं. त्यासाठी निवडलं हॅन्सेन्युला नावाचं यीस्ट. यीस्ट घडी नीट घालतं, शिवाय प्रथिन पेशीबाहेर सोडू शकतं. मग शुद्ध करणं सोपं जातं.

मग सगळीच औषधं यीस्टमध्ये का नाही बनवत? कारण काही प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या लागतात. डायलिसिसच्या पेशंटना रक्त वाढवायला एरिथ्रोपोएटिन देतात. त्याच्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग साखरच असते. बॅक्टेरिया ती लावत नाही, यीस्ट स्वतःच्या पद्धतीची लावतं. योग्य साखर नसेल तर औषध रक्तातून लवकर निघून जातं, म्हणजे इंजेक्शन वाया! म्हणून इथं चायनीज हॅमस्टर या प्राण्याच्या पेशी वापरतात. त्या दुप्पट व्हायला जवळपास एक दिवस घेतात, त्यांचं खाद्यही महाग. औषधाची किंमत वाढते ती यामुळेही.

आणि गंमत ऐका. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्होव्हॅक्स लशीचं प्रथिन कीटकाच्या पेशींत बनतं. कीटक कोणता? आपल्या मक्यावर पडणारी लष्करी अळी! अर्थात कारखान्यात अळ्या पाळत नाहीत, फक्त तिच्यापासून मिळवलेल्या पेशी टाकीत वाढवतात.

तर लक्षात काय ठेवायचं? साधं प्रथिन असेल तर बॅक्टेरिया किंवा यीस्ट, साखर लागत असेल तर प्राण्याची पेशी. आधी प्रथिनाची गरज बघायची, मग खर्च.

आणि हो, आजीला सांगा, इन्सुलिनचा ब्रँड डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचा नाही. भेटूया पुढच्या भागात!