५२ आठवड्यांची पुण्याई

३० सप्टेंबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊमध्ये आशियाई स्पर्धेतल्या मिश्र दुहेरीची अंतिम फेरी. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा पहिला सेट २-६ असा हरले, दुसरा ६-३ असा जिंकले आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा खिशात घातला. सुवर्णपदक! अहिल्यानगर जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं हे गाव तोवर क्रीडारसिकांना झहीर खानचं म्हणून ठाऊक होतं. आता गल्लीगल्लीत टेनिसचं नाव निघालं. पण या सुवर्णाचे ऋतुजाच्या जागतिक क्रमवारीच्या खात्यात किती गुण जमा झाले? शून्य. आशियाई स्पर्धेला क्रमवारीचे गुणच नसतात.

हा टायब्रेक जरा जवळून पाहू. १०-४ म्हणजे अवघ्या १४ गुणांचा खेळ. पहिली सर्व्हिस एका गुणापुरती, त्यानंतर चौघांची आळीपाळीने दोन-दोन गुणांची. हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन किंवा चारच सर्व्हिस येतात. म्हणजे बोपण्णाच्या तोफखान्याची फार तर चार वेळा मदत. बाकीचे गुण परतीच्या फटक्यांवर आणि जाळ्याजवळच्या चपळाईवर. मिश्र दुहेरीत पुरुषाची सर्व्हिस स्त्री खेळाडूलाही सवलत न देता येते. ताशी २०० किलोमीटरने निघालेला चेंडू समोर पोहोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात तो ओळखायचा, पाय हलवायचे आणि परतवायचा. समोरच्या चायनीज तैपेईच्या जोडीविरुद्ध २७ वर्षांच्या ऋतुजाने हे केलं, आणि तरीही खातं कोरं!

मग गुण मिळतात तरी कुठे? महिला टेनिसची उतरंड तळापासून पाहिली की थक्क व्हायला होतं. सगळ्यात खाली ‘डब्ल्यू १५’ नावाच्या स्पर्धा. मग डब्ल्यू ३५, ५०, ७५, १००. नावातला आकडा म्हणजे विजेतीला मिळणारे गुण. डब्ल्यू १५ जिंकायची तर मुख्य फेरीत ओळीने पाच सामने जिंकायचे, तेव्हा १५ गुण. तिकडे विम्बल्डनच्या मुख्य फेरीत पहिलाच सामना हरून घरी जाणारीलाही १० गुण मिळतात आणि विजेतीला २०००. डब्ल्यू १५ जिंकण्यात आणि विम्बल्डनला हरण्यात अंतर फक्त पाच गुणांचं!

खरी गंमत पुढे आहे. हे गुण साठत नाहीत. ते ५२ आठवडे टिकतात आणि मग गळून पडतात. या आठवड्यात जिंकलेले गुण पुढच्या वर्षी याच सुमारास परत मिळवावे लागतात. खेळाडूंच्या भाषेत ‘पॉइंट्स डिफेंड’ करायचे. ऋतुजाने २०२३ मध्ये थायलंडमधली २५ हजार डॉलरची एकेरी स्पर्धा जिंकली, तेव्हा त्या गुणांवर वर्षभराची मुदत आपोआप पडली. स्वर्गातली पुण्याई सरली की खाली यायचं, तसा हा मामला. क्रमवारी सोमवारी लागते आणि गेल्या वर्षी काय केलं हे विसरत जाते.

म्हणून टेनिसमध्ये निवृत्त होणं हा एक अजब प्रकार आहे. सानिया मिर्झा मुंबईत जन्मली, हैदराबादेत वाढली. दुहेरी आणि मिश्र दुहेरीत मिळून सहा ग्रँड स्लॅम, एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिला क्रमांक. २०२० च्या मार्चमध्ये दुबईत भारत महिलांच्या सांघिक फेड चषकाच्या प्लेऑफमध्ये पहिल्यांदा पोहोचला, त्या संघात सानिया आणि ऋतुजा दोघी होत्या. सानियाची शेवटची ग्रँड स्लॅम अंतिम फेरी जानेवारी २०२३ ची, ऑस्ट्रेलियात. जोडीदार होता बोपण्णाच. ती हरली, फेब्रुवारीत दुबईत निवृत्त झाली, आणि वर्ष उलटल्यावर क्रमवारीच्या यादीत तिचे गुण उरले नाहीत. कुणी काढून घेतले नाहीत. त्यांची मुदत संपली.

या निष्ठुर हिशेबाला एक माणुसकीची फट आहे. बाळंतपणासाठी थांबलेल्या खेळाडूचा जुना क्रमांक जपून ठेवतात आणि परतल्यावर ठरावीक स्पर्धांत प्रवेशासाठी तो वापरता येतो. गुण मात्र नव्याने कमवायचे. मुलाच्या जन्मानंतर सानिया जानेवारी २०२० मध्ये होबार्टला परतली आणि पहिलीच स्पर्धा जिंकली. निवृत्तीनंतर परतणं मात्र इतकं सोपं नाही. उत्तेजक चाचणीच्या यादीतल्या खेळाडूने निवृत्ती जाहीर केली की तिचं नाव त्या यादीतून निघतं. पुन्हा खेळायचं मनात आलं तर सहा महिने आधी कळवून चाचण्यांना तयार राहावं लागतं.

संगणकावरची ही क्रमवारी १९७५ पासूनची. त्याआधी खेळलेल्यांचं काय उरलं? मुंबईच्या लीला राव १९३४ मध्ये विम्बल्डनला ग्लॅडिस साउथवेलशी खेळल्या. ४-६, १०-८, ६-२. विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. गुण नाहीत, बक्षिसाची रक्कम नाही. तेव्हा तिथे हौशी खेळाडूच खेळत. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव या त्यांच्या आई, त्याही टेनिस खेळत. विम्बल्डनच्या एकेरीत भारतीय स्त्रीचा पुढचा विजय आला तो सानियाचा, २००५ मध्ये. मधे ७१ वर्षं. लीला रावांच्या त्या तीन सेटचे आकडे अजून जागेवर आहेत, कारण क्रमवारी विसरते, निकाल विसरत नाहीत.

पुण्यात डेक्कन जिमखान्यावर किंवा सोलापुरात पुढची डब्ल्यू स्पर्धा भरली तर जाऊन बघा. उपांत्यपूर्व फेरीतली मुलगी एका चुकलेल्या फटक्यानंतर एवढी का चिडली, हे आता कळेल. समोरच्या मुलीशी तर ती खेळतेच आहे, शिवाय गेल्या वर्षीच्या स्वतःशीही खेळते आहे.